हात अजून बसला नाही

तापानं ग्लानीत पडलेल्या केवळाबाईंचं सलाईन शिरेऐवजी मांसात उतरलं आणि हात टम्म सुजला. राउंडला आलेले डॉक्टर भडकले. "ही सुई कुणी घातली?"

सुई तरुण नर्स वैष्णवीनं घातली होती. ती आपणहून कबूल करील म्हणून उज्वला तिच्याकडं बघत राहिली.

"उज्वलाकाकूंनी, सर," वैष्णवी चटकन म्हणाली. "चाळिशीत नर्सिंगला आल्यात, त्यांचा हात अजून बसलाच न्हाई."

"सिस्टर, उद्यापासून सुई हातात धरायची नाही. आधी हिच्याकडून शिका," असं म्हणून डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळले.

नांदेडच्या नर्सिंग कॉलेजात दोघी एकाच वर्गात होत्या. सुईला भिऊन, बॅग उचलून गावाकडं, भोकरच्या गाडीत बसलेल्या वैष्णवीला उज्वलानंच खाली उतरवलं होतं आणि बाही सारून स्वतःचा हात पुढं केला होता. "टोच. सुजला तर माझा सुजंल. शीर घावेस्तोवर सोडू नको."

मग रोज संध्याकाळी होस्टेलात वैष्णवी म्हणायची, "मूठ आवळा काकू, अन् तिकडं बघा." उज्वलाचा हात कोपरापर्यंत काळानिळा पडला, पण पोरगी शिकली.

पुढच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या दंडाला वैष्णवीनं पट्टा बांधला आणि डॉक्टरांना ऐकू जाईल अशा गोड आवाजात म्हणाली, "मूठ आवळा बाबा, अन् तिकडं बघा."

मागं उभ्या उज्वलाची मूठ सवयीनं आवळली. मग ती सुटेना.