लहान डोक्याचा ड्रायव्हर

"त्याचं डोकंच लहान आहे रे! बदलल्याशिवाय इलाज नाही." अमरनाथ फोनवर ओरडत होता. नांदूरघाटहून पुण्याला फोन लागला की ओरडावंच लागे. "हो, हो, ड्रायव्हरच! जुना झालाय. सरळ म्हणून जात नाही, सारखा उजवीकडे जातो. रविवारी सगळ्या साहेबांसमोर लाज गेली माझी. तू नवा बघून ठेव. हलका, मोठ्या डोक्याचा. माझ्या हाताला जमेल असा."

खिडकीखाली मारुतीची काच पुसता पुसता सिदूचा हात थांबला.

सिदू हा अमरनाथचा ड्रायव्हर. आधी तो अमरनाथच्या वडिलांच्या, मन्मथप्पांच्या दुकानाची जीप चालवायचा. पुढे अमरनाथला पुण्यात परदेशी कंपनीत मोठी जागा मिळाली, दाराशी गाडी आली. तेव्हा तो म्हणाला, "माझ्या गाडीवर दुसरा माणूस नको, सिदूमामाच पाहिजेत." हे वाक्य सिदूने गावात किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे. दिवाळीला मालकाबरोबर गावी आला की तो पांढरा गणवेश अंगातून काढायचाच नाही. धनगराच्या पोराच्या हातात काठीऐवजी स्टेअरिंग आलं, याचा त्याला भारी तोरा.

काठ्या होत्या, पण त्या मालकाच्या. दर रविवारी अमरनाथ मोठ्या साहेबांबरोबर हिरव्यागार मैदानावर जाई आणि लिंबाएवढा चेंडू काठीने टोलवत बसे. गोल्फ का काय ते. ना मेंढरं, ना कुत्रं, आणि डिकीत काठ्यांची ही एवढी पिशवी! सिदूला मनातल्या मनात हसू येई.

आज मात्र त्याचं हसू पळालं. डोकं लहान म्हणाला, ते त्याने गिळलं. चौथी नापास माणसाचं डोकं असून असून किती मोठं असणार? रविवारी आपल्या हातून काय घडलं तेही त्याला आठवेना, पण घडलं असेल काहीतरी. 'उजवीकडे जातो' हे शब्द मात्र त्याच्या वर्मी लागले.

कारण ते खरं होतं. दोन वर्षं झाली, दिवस बुडाला की सिदूला नीट दिसत नव्हतं. हे एकट्या त्याच्या बायकोला, भिवराबाईला ठाऊक होतं. "पहाटं निघू मालक, दिवसाउजेडी पोचू," असं म्हणून तो वेळ मारून नेई आणि वर सगळे त्याच्या शिस्तीचं कौतुक करत. पण यंदा येताना वाटेत पंक्चर झालं आणि मांजरसुंब्याच्या घाटात अंधार पडला. समोरून ट्रक आला. दिव्यांचा नुसता पांढरा लोट झाला आणि गाडी उजवीकडे गेली. हॉर्न कानात शिरला तेव्हा कुठे त्याने स्टेअरिंग खेचलं. मागे अमरनाथ आणि त्याची धाकटी लेक रुचिका झोपले होते. निदान सिदूला तसं वाटलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

"मालक जागं व्हतं गं," त्याने घरी जाऊन भिवराबाईला सांगितलं. "सगळं बगितलंय त्यांनी. उद्या निगताना मीच बोलतो."

"कुणी इचारलंय का तुमाला? मग कशाला बोलता?" भिवराबाई कळवळून म्हणाली. "गप ऱ्हावा. काडायचं असंल तर काडतील की."

पण सिदूला ते पटेना. हाकलून दिल्यावर गणवेश उतरवायचा, त्यापेक्षा मान वर करून आपणच उतरवावा. गावात सांगायला तेवढं तरी राहील.

सकाळी रुचिका गाडीत बसली होती. सिदू अमरनाथपुढे हात जोडून उभा राहिला.

"मालक, तुमी नवा डायवर बगताय ते बराबर हाय. माजा राग न्हाई."

अमरनाथला हसू फुटलं. "अहो मामा, ते तर..."

"मला बोलू द्या!" सिदूने त्याला मध्येच तोडलं. एकदा थांबला तर पुन्हा धीर होणार नाही, हे त्याला माहीत होतं. "अप्पांचं मीठ खाल्लंय म्या. दोन साल झाले, रातचं दिसंना झालंय मला. घाटात गाडी उजवीकडं गेली ती डुलकीनं न्हाई. मला त्यो टरक दिसलाच न्हवता."

अमरनाथचं हसू मावळलं.

"कुठला ट्रक?"

सिदूचे जोडलेले हात खाली आले. मालकाने गाडीत बसलेल्या लेकीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग तो मागे गेला, डिकी उघडली आणि पिशवीतून एक लांब काठी काढून सिदूच्या हातात दिली.

"मी हिच्याबद्दल बोलत होतो, मामा. गोल्फमध्ये या काठीला ड्रायव्हर म्हणतात. हिने मारलं की माझा चेंडू उजवीकडे जातो."

सिदूने काठी उलटीसुलटी करून पाहिली. खाली तिचं गुळगुळीत डोकं होतं. खरंच लहान होतं.

"म्हंजी... मला काडीत न्हवता तुमी?"

"नव्हतो," अमरनाथ म्हणाला, आणि किल्लीसाठी त्याने हात पुढे केला.