जुन्या खात्याचा पासवर्ड

माझा जुना फोन बादलीत बुडाला, आदिलाबादचा दुरुस्तीवाला “गया, बहन” म्हणाला, आणि एकच दिवस जगलेल्या, बारसंही न झालेल्या पहिल्या लेकीचा एकुलता एक फोटोही गेला. ह्यांनी आयफोन आणला. “जुना दुसऱ्या कंपनीचा. त्यातलं ह्याच्यात नाई येत. काऊन जीव जाळून राह्यली?” धाकटा झोळीत झोपल्यावर मी जुन्या फोनमधलं फोटोंचं तेच अ‍ॅप नव्या फोनवर घेतलं, तोच ईमेल, तोच पासवर्ड टाकला. स्क्रीनवर चाक फिरलं. आधी धूसर ठिपका, मग गुलाबी टोपडं, मग माझं बोट धरलेली तिची मूठ! कुठं होती ही इतके दिवस? हे जवळ येऊन वाकून बघू लागले. “पासवर्ड ध्यानात कसा राह्यला?” “तिचं नाव हाय. मनातल्या मनात ठेवलेलं,” मी पहिल्यांदाच सांगितलं, “सुजाता.” ह्यांनी झोळीतल्या लेकाला उचललं. “ऊठ बापू, आपली सुजाताताई आली.”