कायद्याचा आकडा नऊ

“पाच म्हणजे काय गो? कमरेक कोयती चलात काय नाय, तेवढां सांग,” रियाची मैत्रीण प्रियांका वैतागून म्हणाली.

रियाने झेरॉक्सची पानं पुन्हा उलटली. अंतराळात जहाज घेऊन फिरायचं, व्यापार करायचा आणि अडचणीत आलं की फासे टाकायचे, असा तो खेळ. रिया त्यातली पंच. प्रत्येक ग्रहाला आकड्यांची एक ओळ असायची आणि तिच्यातला शेवटचा आकडा कायद्याचा. शून्य म्हणजे कोणी काही विचारत नाही. नऊ म्हणजे शस्त्र नुसतं जवळ सापडलं तरी जहाज जप्त. मधल्या आकड्यांबद्दल पुस्तकात जेमतेम एकेक ओळ होती, आणि तिचा अर्थ लावता लावता बांद्याला रियाच्या घरच्या पडवीत रविवारची दुपार निघून जायची.

देवेश मूळचा मालवणचा, नोकरीला वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात. दर रविवारी तिथून बांद्यापर्यंत मोटारसायकल हाकत यायचा, तो काही नुसत्या ग्रहांच्या ओढीने नव्हे. त्याला रियाशी लग्न करायचं होतं. रियाचीही ना नव्हती. घोडं अडलं होतं ते रियाच्या वडिलांना विचारण्यावर.

तेवढ्यात ते वडील, म्हणजे भाई, आरामखुर्चीतून बोलले. “पुस्तकात काय लिवलां ता ऱ्हवांदे. थंयच्या नाक्यावर पाळी कधी बदलता?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुस्तकात तसं काही नव्हतं.

“पाळी बदलताना कोण कोयती बघणा नाय. आणि पाच आकडो असलो तर सामान मगे बघतत, पयले डायवराचे हात बघतत. हात घट्ट दिसले काय सगळां खाली उतरवूक लावतत.”

रियाने ते लिहून घेतलं. सहा महिन्यांत झेरॉक्सपेक्षा भाईंच्या नियमांची वही जाड झाली. तीनला टपावर कोणी चढत नाही. सहाला चढतात, पण पाऊस नसला तर. सातला कुत्रा असतो, मात्र त्याचं जेवण झाल्यावर तो मनावर घेत नाही. २००६ साली अख्ख्या तालुक्यात परग्रहांच्या कायद्याचा इतका अभ्यास दुसऱ्या कोणाचा असेल असं वाटत नाही.

देवेश मात्र दर नियमागणिक खचत चालला होता. माणूस नाक्याबद्दल इतकं जाणतो म्हणजे गोव्याच्या हद्दीवर मोठा अधिकारी असणार, हे सांगायला कोणी कशाला हवं? रियाला विचारलं की ती चहा ठेवायला उठायची. बाजारात साध्या वेशातले नाक्यावरचे शिपाई भाईंना बघून थांबत, हसत, तब्येतीची चौकशी करत. निवृत्त झाल्यावरही एवढा मान! अशा माणसासमोर एक शब्द खोटा गेला की आपलं लग्न बोंबललं, असं देवेशने धरून ठेवलं होतं.

“काकी, तुमच्या घरात कायदो कसो अगदी पिकलेलो आसा,” तो एकदा रियाच्या आईला, सुभद्राकाकींना म्हणाला. काकी तोंडाला पदर लावून आत गेल्या.

आणि मग तो रविवार आला. ‘रापण’ हे त्यांचं दोन वर्षं जपलेलं जहाज नऊच्या ग्रहावर उतरलं.

“बाबा, आज नाक्यावरचे सायब तुमीच व्हा,” रिया म्हणाली.

“माका जमाचां नाय गो ता.” भाई चक्क लाजले. बऱ्याच आग्रहानंतर खुर्ची पुढे ओढून बसले, पण साहेबाने आधी काय विचारायचं तेच त्यांना सुचेना. शेवटी म्हणाले, “माल काय आसा रे?”

पाण्याच्या टाकीमागे बारा बंदुका होत्या. फाशांवर आठ पडले की जहाज सुटलं. नाही पडले तर दोन वर्षं पाण्यात. प्रियांकाने फासे देवेशच्या हातात कोंबले. खुद्द भाईंनी डोळ्याने खुणावलं, टाक.

देवेशला वाटलं, ही परीक्षा आहे.

“आसत,” तो म्हणाला. “टाकीच्या पाठीमागे बारा बंदुको आसत, सायब.”

“मेल्या!” प्रियांका ओरडली. “दोन वर्षां रे, दोन वर्षां!”

रियाने जहाजाच्या कागदावर ‘जप्त’ असं लिहिलं. भाई देवेशकडे बघतच राहिले.

“कित्या सांगलंस? टाकी कोणीय उघडली नसती.”

“भाईनू, तुमच्यासमोर खोटां बोलूक जमलां नाय.” देवेशने हातातले फासे खाली ठेवले. “आणि आता खरांच बोलतंय तर सगळांच बोलतंय. माका रियाशी लगीन करूचां आसा.”

पोह्यांच्या बश्या घेऊन आलेल्या सुभद्राकाकी दारातच थबकल्या. भाईंनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. त्यांचे डोळे ओले होते.

“तारीख काढा,” ते काकींना म्हणाले.

देवेश आनंदाने वेडाच व्हायचा बाकी होता. त्याने वाकून भाईंचे पाय धरले. “तुमच्यासारख्या अधिकाऱ्याचो जावय होतलंय, माझां नशीब!”

“अधिकारी?” भाईंनी रियाकडे पाहिलं. रियाने वहीत तोंड खुपसलं. “बाबा रे, अधिकारी खंयचो? वीस वर्षां गोव्याची दारू काजीच्या पोत्यांखाली घालून त्या नाक्यावरसून नेलंय मी, पण ‘आसा’ म्हणूचो धीर माका एकदाय झालो नाय.”