गोजाबाईचा दहावा

कावळा काही शिवेना. तळवड्याच्या घाटावर, इंद्रायणीच्या काठी, गोजाबाईचा पिंड दीड तास तसाच पडून होता. समोरच्या बाभळीवर चार कावळे बसलेले. माना वाकड्या करून खाली बघायचे, पण उतरायचं नाव नाही. थोरल्या लेकानं, बबनरावानं, हात जोडून सांगून झालं. नातवंडांना सांभाळीन, तुझी गाय विकणार नाही, काशीला अस्थी नेईन. कावळे ढिम्म. भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववायची गोष्ट काढली, तर भावकीतला म्हातारा सोनबा त्यांच्यावरच उखडला. म्हातारीची काय इच्छा राहिली हे अख्ख्या गावाला माहीत होतं, फक्त बोलायची छाती कुणाची नव्हती. शेवटी सोनबानंच चिंचवडला सायकलवर माणूस पिटाळला, धाकट्याला आणायला.

धाकटा म्हणजे चिमाजी. बावीस वर्षांपूर्वी, चौतीस साली, ढोलकी गळ्यात अडकवून तमाशाच्या फडाबरोबर निघून गेला. कुणब्याचं पोर तमाशात गेलं म्हणून बबनरावाचं नाक कापलं गेलं. मग या बहाद्दरानं काय करावं? जित्या भावाचं मरण केलं! आईला घरात कोंडलं, गवताचा पुतळा याच घाटावर जाळला, दहाव्याला पिंड ठेवला आणि जमिनीच्या उताऱ्यावरनं भावाचं नाव उडवलं. त्या दिवशी कावळा झडप घालून आला होता. बघा, देवालाही पटलं, गाव म्हणालं. गोजाबाई त्यावर चकार शब्द बोलली नाही, पुढंही कधी बोलली नाही. थोरल्याच्या घरी राहिली, वाढलं ते खाल्लं. बाई मोठी सोशिक, लोक म्हणायचे.

चिमाजी मात्र मरायला तयार नव्हता. आधी फडाचा मालक झाला, मग तंबूतल्या सिनेमाचा, मग पुण्यात दोन थिएटरं बांधून चिमाजीशेठ झाला. पिंपरीला कारखाना आला तशी तिथंही त्यानं थिएटरला जागा हेरून ठेवली. दानधर्म दांडगा, पण तोसुद्धा सूड उगवल्यासारखा. चिखलीला शाळा दिली, चाकणला दवाखाना दिला, चिंचवडात बाळंतिणींसाठी खोल्या बांधल्या. तळवड्याला मातीचं ढेकूळ दिलं नाही. त्याचा तंबू पंचक्रोशीतल्या जत्राजत्रांत लागायचा, तळवडं सोडून. तळवड्याची माणसं सिनेमा बघायला चिखलीला चालत जायची आणि परत येताना वाटभर त्याला शिव्या घालायची. त्या शिव्या कानावर आल्या की शेठ खूश व्हायचा.

आई गेल्याचं त्याला कुणी कळवलं नव्हतं. मेलेल्या माणसाला निरोप कोण धाडणार? चिंचवडच्या बाजारात तिसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून तो तिथंच दात खात बसून होता. आपल्याला बोलवायची पाळी यांच्यावर येणार, असं त्याचं मन सांगत होतं.

मोटार घाटाच्या वर थांबली. चिमाजी उतरला, बूट काढले, पिंडापाशी आला. बबनरावाकडं त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. सोनबाला म्हणाला, "मेलेल्याला कशाला बोलावलंत, तात्या? आधी मला कुणीतरी जित्ता करा."

बावीस वर्षं घोकलेलं वाक्य होतं ते. सगळ्यांची तोंडं बबनरावाकडं वळली. बबनरावाला सुटका नव्हती. भरल्या गावासमोर मान खाली घालून तो बोलला की चिमा जित्ता आहे, माझं चुकलं, त्याची जमीन त्याला देतो. चिमाजीचं काळीज गार झालं. असा गारवा त्याला पहिल्या थिएटरच्या दिवशीही लाभला नव्हता.

पण कावळा हलला नाही.

मग चिमाजीनं हात जोडले. तळवड्यात आईच्या नावानं शाळा बांधीन म्हणाला. गाव सुखावलं, दोघातिघांनी तर लगेच जागाही सुचवली. कावळ्यांना शाळेचं काय कौतुक! ते बसले होते तसेच बसून राहिले.

तेव्हा सोनबानं चिमाजीच्या खांद्यावर हात ठेवला. आईचा जीव कशात असतो बाबा, दोन लेकरं एक व्हावीत यातच ना? थोरल्याला माफ केलं म्हण, सुटेल बिचारी. सगळ्या घाटानं माना हलवल्या. बबनरावाचे तर डोळेच चमकले. दोन थिएटरांचा भाऊ फुकटात परत मिळत होता. चिमाजीला तो शब्द तोंडात नको होता. तरी आईसाठी त्यानं तो बाहेर ओढला.

"केलं माफ," तो म्हणाला.

दोन कावळे उडाले आणि नदीपल्याड निघून गेले.

ऊन डोक्यावर आलं. भटजी पिशवीत दर्भ शोधू लागले. सोनबा मटकन खाली बसला. आता तर चिमाजीचं डोकंच फिरलं. त्यानं पिंडापुढं गुडघे टेकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"आई, खोटं बोललो मी. या बबन्याला मी जल्मात माफ करनार न्हाई. तुला कोंडून माझं मरण केलं यानं. मी मरंस्तवर..."

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा बाभळीवरनं उतरला आणि त्यानं पिंडात चोच खुपसली.