दुसरा श्वास

अण्णा गेल्यावर त्यांच्या गाण्याच्या रेकॉर्डिंगच्या तीनशे बारा फायली नीट लावायला त्यांची बायको शालनताई आणि लेक ऋता बसल्या. दोन सॉफ्टवेअर त्यांनी आजमावायला घेतली होती. विकतचं होतं ते गाण्याबाहेरचा प्रत्येक आवाज पुसून टाकायचं. फुकटातलं काहीच पुसत नसे. नुसत्या श्वासांवरून ते माणसं ओळखायचं आणि त्यांची नावं विचारायचं.

पहिल्याच फायलीला त्यानं विचारलं, ‘गायक दोन. दुसऱ्याचं नाव?’

“चुकतंय हे. अण्णा तर एकटेच गायचे,” ऋता म्हणाली.

पुढच्या फायलीतही तेच. प्रत्येक तानेआधी अण्णांच्या बरोबरीनं आणखी कुणीतरी दम भरत होतं आणि समेवर येऊन सोडत होतं.

“आई, तू तेव्हा स्वयंपाकघरात असायचीस ना?”

“दाराशी असायचे. तोंड मिटून.” शालनताईंनी चष्मा पुसला. “लग्नात अट होती, गायचं नाही. श्वास घ्यायचा नाही, असं कुणी म्हटलं नव्हतं.”

मग त्यांनी सावकाश आपलं माहेरचं नाव टाईप केलं, शालन आपटे.

‘सगळ्या फायलींत घालू?’

“ते विकतचं काढून टाक गं,” त्या ऋताला म्हणाल्या आणि ‘हो’ दाबलं.