कुशाबांची सोबत

निषाद हे लिहून ठेवणारच नव्हता. वाचणारा हसेल असं वाटत होतं.

दोन हजार नऊ साल. हिंजवडीतली नोकरी गेलेली, अकोल्याला घरी सांगितलेलं नाही. भरे गावातल्या भाड्याच्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. उजाडलं की वाटायचं, परत कशाला उजाडलं. शेवटी एका संध्याकाळी त्याचं ठरलं. गादी, कुकर, टेबलफॅन, सगळं उचलून घरमालकीण गोजराबाईंना देऊन टाकलं.

"आन् तुला रं?"

"मला नाही लागणार आता."

सकाळी गोजराबाई दारात उभ्या. डोळे सुजलेले.

"आमच्या मालकास्नी एकटं सोडू नगंस बाबा. जमीन इकल्यापास्नं जगावंसं वाटत न्हाई म्हणत्यात. माझं ऐकत न्हाईत."

आली का पंचाईत! म्हातारा काही करून बसला तर? निषादने स्वतःचं पुढे ढकललं. फार तर चार दिवस.

गोजराबाईंचे मालक कुशाबा विकलेल्या शेताच्या बांधावर बसायचे, निषाद त्यांच्या शेजारी. ताटाला हात लावायचे नाहीत. "तू खा, मंग मी खातो." मग हा कसेबसे दोन घास गिळायचा. रात्री कुशाबा खाट घेऊन याच्याच खोलीत.

"झोप न्हाई रं. बोल कायतरी."

हा बोलायचा. चार दिवसांचा महिना झाला. आतलं मात्र तसंच होतं, काळंकुट्ट.

"पुण्यात मनाची डॉक्टरीण हाय म्हणं," एकदा कुशाबा म्हणाले. "लोक येडा म्हणतील का रं मला?"

"वेडा कशाला? ताप आला की जातोच ना आपण?"

"मंग तू चल संगं. तूच सांग समदं. मला न्हाई जमायचं."

एसटीने गेले. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय होतंय?"

कुशाबांनी निषादला कोपराने ढोसलं. निषादच सांगायला लागला. "झोप नाही. भूक नाही. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटतं. कुणाचा फोन घ्यायला नको. आपण नसलो तर सगळे सुटतील असं सारखं..."

त्याला हुंदका आला तो थांबेचना. कुशाबांनी खांद्यावरचा पंचा त्याच्या हातात दिला.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"कुशाबा, तुम्ही बाहेर बसा आता. मला पेशंटशी बोलायचंय."

कुशाबा गुडघ्यावर हात दाबत उठले, दारात थांबले.

"मी हितंच हाय रं. कुटं जाऊ नगंस."

"नाही जाणार, काका."