खडखडाटातलं बोलणं

शाळेच्या इतिहास स्पर्धेसाठी मृण्मयीने विषय घेतला, त्यांच्या वस्तीतले, लिंबायतचे यंत्रमाग. तक्त्यावर मधोमध तिने कारखान्यातला जुना फोटो चिकटवला. मागाशेजारी सुताच्या कांड्या भरणारी आजी, नजर मागाकडे, बोलता बोलता ओठ उघडे राहिलेली. आजी आता नव्हती.

"त्या खडखडाटात ऐकू काय येणार? आम्ही ओठ वाचायचो," आजोबा म्हणाले.

"मग आजी काय म्हणतेय?"

आजोबांनी चष्मा पुसला. "'आधी डबा खाई ल्या.'" आणि चक्क लाजले.

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम पुन्हा विचारलं.

"'पोर हुशार शे', म्हणते."

"काल तर डबा म्हणालात!"

"काल ती तसं म्हणाली होती."

आजोबा थट्टा करतात, असं तिला वाटलं. पण प्रकल्पासाठी ती त्यांच्याकडून ओठ वाचायला शिकली. ते आवाज न करता बोलायचे, ती ओळखायची, मग दोघं हसायचे.

स्पर्धेच्या सकाळी तक्ता गुंडाळताना तिची नजर फोटोवर गेली. मागाकडे पाहणारी आजी आता सरळ तिच्याकडे पाहत होती. ओठ तिला सहज वाचता आले.

'आज आजोबाले एकटं सोडू नको.'

मागून आजोबांनी कौतुकाने विचारलं, "काय म्हणतेय गं आज?"